गुडघाभर पाण्यातलं गाव : हर्णै-पाजपंढरीतले चार दिवस

दिवस पहिला, माघ शुद्ध त्रयोदशी

दापोलीहून हर्णैला जाणारी एसटी आसूदच्या उतारावर आली की आधी गारवा लागतो. दोन्ही बाजूंना सुपारी आणि नारळाच्या वाड्या, मधून वाहणारे पाट, सावली इतकी दाट की दुपारी दोन वाजता संध्याकाळ झाल्यासारखं वाटावं. मग पुन्हा चढ, जांभ्याचा उघडा माळ, वाळलेलं गवत, आणि एका वळणावर अचानक समोर समुद्र. समुद्रात सुवर्णदुर्ग. मी खिडकीला नाक लावून किल्ला बघत होते. शेजारी बसलेल्या बाईंनी मांडीवरच्या रिकाम्या टोपल्या सावरल्या, वाकून बाहेर पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "आल्यात बोटी. बऱ्याच आल्यात." त्यांची नजर किल्ल्यावर नव्हतीच, त्याच्या अलीकडच्या पाण्यात नांगरलेल्या बोटींवर होती.

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीची मावशी पाजपंढरीत राहते. हर्णै आणि पाजपंढरी ही नावं वेगळी, पण एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते परक्याला कळत नाही. पाजपंढरी म्हणजे सगळा कोळीवाडा. मागं डोंगर, पुढं समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरं. घरांमधल्या वाटा इतक्या अरुंद की समोरून डोक्यावर पाटी घेतलेली बाई आली की आपण एखाद्या ओट्यावर चढायचं.

मावशींनी मला बसूही दिलं नाही. चहा पुढं केला आणि म्हणाल्या, "पी आणि चल गो बाय. लिलाव सुरू होईल. घर काय रात्री पण बघशील."

हर्णै बंदराबद्दल वाचलं होतं, पण जे पाहिलं ते वाचून कळण्यासारखं नाही. आधी जमिनीचं सांगायला हवं. हा किनारा उथळ आहे. वाळू इतकी सावकाश उतरते की मोठी बोट काठाजवळ येऊच शकत नाही, रुतेल. मोठ्या बोटी टेकतील असा धक्का गावाला पिढ्यान्‌पिढ्या मिळाला नाही. त्यामुळे बोटी आत नांगर टाकून उभ्या राहतात आणि बोट ते वाळू हे अंतर कापायचं काम करतात छोट्या होड्या आणि बैलगाड्या. हो, बैलगाड्या. समुद्रात.

मी पोचले तेव्हा ओहोटी होती. ओली वाळू दूरवर उघडी पडली होती आणि तिच्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या थेट पाण्यात शिरत होत्या. एक गाडी माझ्यासमोरून गेली. गाडीत बर्फ, डिझेलचे कॅन, पिण्याच्या पाण्याची पिंपं. गाडीवान उभा, कासरा हातात, तोंडानं काहीतरी पुटपुटत. बैल पाण्यात शिरले. गुडघा, मांडी, पोट. लाट आली की दोघं मान वर करायचे आणि लाट गेली की पुन्हा खाली. पाणी छातीला लागल्यावर गाडी होडीला भिडली. बर्फ तिकडं गेला, पापलेट आणि सुरमई इकडं आली, गाडी वळली. येताना बैलांच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि ओझं वाढल्यानं चाकं वाळूत चर पाडत होती.

परतलेली एक जोडी वाळूवर सोडली होती, तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. बैलाच्या पायावरचे केस मिठानं चिकटून बारीक काड्यांसारखे झाले होते. गुडघ्याच्या वर कातडीवर एक पुसट पांढरी रेघ होती. गाडीवानानं बादलीभर गोडं पाणी आणलं आणि पहिल्यांदा डोळे धुतले, मग खूर, मग बाकीचं अंग. मी विचारलं, डोळे आधी का? "खारं पाणी त्यालापण झोंबतं की," तो म्हणाला.

इकडं वाळूवर लिलाव रंगला होता. मासळीचे वाटे मांडलेले. पापलेटचा वाटा चांदीच्या ताटासारखा, कोळंबीचा ढीग, करली, हलवा, बांगडे, एका बाजूला काळीनिळी शाई ओघळणारी म्हाकुळं. प्रत्येक वाट्याभोवती माणसांचं कडं, मध्ये बोली पुकारणारा. दापोलीच्या हॉटेलवाल्यांपासून कोळंबी बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या माणसांपर्यंत सगळे तिथं. आकडे इतक्या झपाट्यानं वर चढतात की नवख्याला कोण बोललं तेच समजत नाही. कोणी ओरडत नाही, कोणी भुवई उचलतं, कोणी बोटानं वाळूकडं खूण करतं, आणि वाटा गेला. मावशी कड्यात शिरल्या तेव्हा दोन पुरुष आपोआप बाजूला झाले. त्यांनी मांदेली आणि कोळंबीचे दोन वाटे घेतले, पैसे कमरेच्या पिशवीतून मोजून दिले, आणि कड्यातून बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मासा बाप्ये आणतात. पण त्याचा पैसा आम्ही करतो."

हे त्या अभिमानानं म्हणाल्या, आणि पुढचे तीन दिवस मी त्याचाच पुरावा बघत होते.

रात्री जेवायला मांदेली तळलेली, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. भाकरीची उकड मावशी तळहातानं मळत होत्या, हात अधूनमधून पाण्यात बुडवून, कारण ती चटका देण्याइतकी गरम होती. थंड झाली की भाकरीला चिरा पडतात, म्हणाल्या.

दिवस दुसरा, चतुर्दशी

पहाटे साडेपाचला घर जागं. मावशींचे यजमान, त्यांना गावात सगळे तांडेलकाका म्हणतात, ओट्यावर बसून दिनदर्शिका बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी बोट चालवली. आता गुडघे गेलेत, बोट मुलाकडं आहे. मला वाटलं ते तारीख बघताहेत. ते तिथी बघत होते.

"आज चतुर्दशी. चौदाला पाऊण पट कर."

मी मनातल्या मनात केलं. साडेदहा.

"साडेदहाला पूर्ण भरती. म्हणजे साडेचारच्या पुढं पूर्ण सुकती. थोडं पुढं-मागं. अष्टमी असली तर?"

"सहा."

"सहाला भरती, बाराला सुकती. आणि त्या दिवसांत भांगाचं पाणी, त्याला जोर नसतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. हे पोराला शाळेत घालायच्या आधी शिकवतात."

मी गणित शिकवते. वीस वर्षं अपूर्णांक शिकवते आहे. तीन चतुर्थांश शिकवताना मी पोळीचे तुकडे आणि चॉकलेटच्या वड्या वापरते. या घरातल्या मुलांना पाऊण पट म्हणजे काय हे समुद्र दाखवतो, रोज दोनदा. सगळं गाव या हिशोबावर चालतं. होडी कधी सोडायची, गाडी किती आत न्यायची, शिंपल्या-कालवांसाठी खडकावर कधी जायचं, परगावच्या पाहुण्याला किल्ल्यावर कधी न्यायचं. उधाणाच्या पाण्याला ओढ असते, म्हणून प्रवाहाच्या जोरावर चालणाऱ्या डोल जाळ्याला ते दिवस चांगले. चांदण्या रात्रीचं पाणी वेगळं, काळोख्या पंधरवड्याचं वेगळं. काकांच्या मुलाच्या बोटीवर जीपीएस आहे, मासळीचा थवा दाखवणारं यंत्र आहे, वायरलेस आहे. तरीही निघायच्या आधी तो बापाला विचारतो. काका ते सांगताना खूष होते.

सकाळचा लिलाव संध्याकाळपेक्षा शांत. मावशींनी थोडी मासळी दारात विकली. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनी घासाघीस केली नाही. मिळालेली नोट कपाळाला लावून पिशवीत टाकली. ही भवानी. ती नीट झाली की दिवस नीट जातो. नंतरच्या गिऱ्हाइकाशी मात्र पाच रुपयांसाठी चांगल्या दहा मिनिटं भांडल्या आणि शेवटी वर दोन बांगडे फुकट टाकले.

मग सोडे. उरलेल्या कोळंबीचे सोडे करायचे होते आणि घराच्या मागच्या सावलीत पाच-सहा बायका गोल करून बसल्या. मला पाट दिला. मावशींचा हात बघत बसले. डाव्या चिमटीत कोळंबी, उजव्या अंगठ्यानं डोकं फिरवून वेगळं, मग पोटाखालून नख घालून कवच एका झटक्यात उलगडायचं, शेवटी शेपटीला चिमटा काढून ओढायचं, की आतला मांसाचा तुकडा सबंध बाहेर येतो. पाठीवरचा काळा दोरा काढायचा. एका कोळंबीला श्वासभर वेळ. गप्पा चालूच, डोळे भलतीकडंच. मी करायला घेतलं. डोक्यावरचा काटा करवतीसारखा असतो, तो अंगठ्याच्या पेरात दोनदा घुसला. माझी दहा होईपर्यंत शेजारच्या आजींची पाटी अर्धी भरली होती. त्यांच्या अंगठ्याचं नख एका बाजूनं झिजून तिरकं झालं होतं. सत्तरी ओलांडलेल्या त्या आजींनी माझा हात हातात घेतला, काटा घुसलेल्या जागी चुन्याचं बोट लावलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

सोडे धुऊन जाळीवर पसरले. चांगलं ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत कडक होतात. ओली कोळंबी फुगीर, दुधाळ. वाळली की आकसते, गुलाबी-तांबूस होते आणि वाकून चंद्रकोरीसारखी होते. टोपलीभर कोळंबीची ओंजळभर मावतील एवढे सोडे होतात, म्हणून त्यांचा भाव चढा. बाजारात सोडे महाग म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा त्या गोलात येऊन बसावं असं मला मनापासून वाटतं.

त्या गोलात बोलणं सगळ्या विषयांवर चालतं. कोणाच्या मुलीला दापोलीत नर्सिंगला प्रवेश मिळाला, कोणाचं जाळं फाटलं, बचत गटाचा हप्ता, आणि बंदीचे दोन महिने. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्हींसाठी हे योग्यच आहे असं प्रत्येकीनं सांगितलं. पण ते दोन महिने घर चालतं ते या जाळीवर वाळणाऱ्या मालावर. सोडे, जवळा, सुके बांगडे. "पावसाळ्यात आमची बोट म्हणजे ही जाळी," एक जण म्हणाली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा सगळं सुरू.

दुपारी काकांच्या पुतण्यानं मला मोटरसायकलवरून आंजर्ल्याला नेलं. मधे जोग नदीची खाडी, तिच्यावर पूल. पूल नव्हता तेव्हा तरीतून जावं लागे. कड्यावरचा गणपती पाहिला. उजव्या सोंडेची मूर्ती, पांढरंशुभ्र देऊळ, आणि देवळाबाहेरून दिसणारा समुद्र. त्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला जास्त सांगायचंय ते खाडीचं. वादळाची खबर आली की हर्णैच्या बोटी याच खाडीत आसऱ्याला येतात, कारण हर्णैचं बंदर उघडं, त्याला आडोसा नाही. पण खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला आहे. ओहोटीच्या वेळी आत यायचं म्हणजे बोट रुतायची भीती. वारा मागं लागलेला, भरतीला दोन तास बाकी, आणि आसरा समोर दिसत असून शिरता येत नाही. पुतण्या अशा एका रात्रीबद्दल सांगत होता आणि सांगता सांगता गप्प झाला. मी पुढं विचारलं नाही.

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायची कुंपण घातलेली जागा आहे. ऑलिव्ह रिडली जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि परत जातात. गावातली माणसं पहाटे किनारा चालून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणात आणून तशाच खोल खड्ड्यात पुरतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. इकडं वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केलं, मग किनाऱ्यावर ते पसरत गेलं. त्या दिवशी एकही पिल्लू निघालं नाही. टोपल्या उपड्या घातलेल्या, प्रत्येकीजवळ तारखेची पाटी, एवढंच होतं. राखण करणाऱ्या गृहस्थांनी एक टोपली उचलून वाळूला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि टोपली परत ठेवली.

रात्री विषय निघाला निसर्ग वादळाचा. ३ जून २०२०. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं आणि त्याच्या तडाख्यात हा सगळा पट्टा सापडला. बाहेर करोना, घरात वारा. मावशींच्या घराची कौलं पानं उडावीत तशी गेली. सगळे एका खोलीत, काकांनी दाराला पाठ लावून धरलेली. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा ओळखीची वाट सापडेना, कारण खुणेची झाडंच नव्हती. वीज यायला कितीतरी दिवस गेले. "आमचं घर चार महिन्यांत उभं राहिलं," मावशी म्हणाल्या. "आसूद, मुरूड, आंजर्ल्याच्या वाडीवाल्यांचं वाईट झालं. बोट फुटली तर दुसरी बांधता येते. माड लावला की त्याची वाट बघायला लागते." स्वतःचं छप्पर उडालेल्या बाईनं आधी शेजारच्या गावच्या माडांसाठी हळहळावं, हे मी विसरणार नाही.

दिवस तिसरा, पौर्णिमा

पंधराला पाऊण पट, सव्वाअकरा. मी न विचारता सांगितलं आणि काकांनी मान डोलावली. भरती चढत असताना नऊच्या सुमारास आम्ही होडीतून सुवर्णदुर्गाकडं निघालो. वीसेक मिनिटांचा पल्ला. किल्ल्यालाही धक्का नाही. होडीतून गुडघाभर पाण्यात उडी मारायची आणि खडकाळ वाळूवरून चालत जायचं.

महादरवाजा जमिनीच्या दिशेनं, पूर्वेला तोंड करून आहे आणि बुरुजांच्या कवेत असा दडवलेला की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलेलं आहे. बाजूच्या भिंतीवर मारुती. कासवाची पाठ इतक्या पावलांनी झिजली आहे की हात फिरवला तर दगड साबणासारखा गुळगुळीत लागतो. तटाचे चिरे एवढे मोठे की ते या बेटावर कसे आणले असतील हा विचार डोक्यातून जात नाही. आत झाडी माजली आहे, पाण्याची टाकी आणि जुन्या वास्तूंची जोती आहेत, पश्चिमेला समुद्राकडं उतरणारा चोरदरवाजा आहे.

आदिलशाहीकडून हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६० च्या सुमारास घेतला. पुढं आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन छोटे किल्ले म्हणजे त्याचे पाठीराखे. कान्होजी आंग्रे असेपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी यांतल्या कोणालाही हा समुद्र आपला म्हणता आला नाही. त्यांच्या मागं सव्वीस वर्षांनी, एप्रिल १७५५ मध्ये, तुळाजी आंग्र्यांच्या हातून किल्ला गेला. पाडला कोणी? इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सनं, पेशव्यांशी हातमिळवणी करून. पुढच्याच वर्षी विजयदुर्गही गेला आणि तुळाजींचं आरमार संपलं. आपल्याच दोन सत्तांचं वैर आणि त्यात परक्याच्या तोफा. तटावर उभं राहून हे आठवलं की आजही जीव तुटतो.

त्या जेम्सच्या मागं त्याच्या बायकोनं १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर एक तिकोनी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सेव्हर्नड्रूग म्हणजे सुवर्णदुर्ग, इंग्रजी जिभेवर वळलेला. तो मनोरा आजही उभा आहे. मी हे होडीवाल्याला सांगितलं. तो बराच वेळ वल्ह्यावर हात ठेवून बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे आमच्या किल्ल्याचं नाव तिकडं रोज कोणतरी घेतो."

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात सुवर्णदुर्गही आहे. गावात याचा आनंद आहे. पण याच किल्ल्याचा पाठीराखा असलेल्या फत्तेगडावर दुपारी गेले तर तिथं तट शोधावा लागतो. सगळी वस्ती आहे, घरं, वाळत घातलेली जाळी, अंगणात खेळणारी मुलं. काहींना हे पाहून वाईट वाटतं. मला नाही वाटलं. किल्ला ज्यांच्या जिवावर लढला त्या दर्यावर्दींचीच लेकरं तिथं राहताहेत. कनकदुर्गावर दीपगृह आहे, तिथून खाली बंदर अख्खं दिसतं: एका हाताला कोळीवाडा, दुसरीकडं बाजारपेठ आणि मोहल्ला, मशिदीचा मिनार, देवळाचा कळस, आणि सगळ्यांच्या पुढ्यात एकच वाळू. लिलावाच्या कड्यात टोपी आणि कोळी रुमाल शेजारी शेजारी उभे असतात आणि भाव दोघांना सारखाच लागतो.

संध्याकाळी मुलाची बोट निघायची होती. दुपारपासून तयारी. बर्फ चढला, डिझेल गेलं, पाणी गेलं, तांदूळ, कांदे, मसाला, चहापत्ती. खलाशांत दोन मुलं नेपाळची होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आता हे सर्रास दिसतं. त्यातला एक विशीतला. पहिल्या फेरीत आठ दिवस उलट्या काढल्या, म्हणाला, आता घरी गेलो की जमीन हलते. मावशींनी त्या दोघांच्या डब्यात वेगळं लोणचं बांधलं होतं.

साडेपाचची सुकती. पौर्णिमेची, म्हणून पाणी खूपच मागं गेलेलं. मावशी माझ्याबरोबर त्या लांबलचक ओल्या वाळूवरून चालत आल्या, पाणी लागलं तशी साडी खोचून पुढं आल्या आणि गुडघाभर पाण्यात थांबल्या. मुलगा होडीत चढला. तो "जातो" म्हणाला नाही, त्या "जा" म्हणाल्या नाहीत. "येतो गो आई." "ये." एवढंच. मग त्यांनी वाकून समुद्राचं पाणी बोटांना लावलं, ती बोटं कपाळाला टेकवली आणि माघारी वळल्या. बोट नजरेआड होईपर्यंत उभं राहायचं नाही, असं त्यांच्यात मानतात. मागं वळूनही पाहिलं नाही. चालताना मात्र माझा दंड त्यांनी घट्ट धरला होता.

किल्ल्याच्या मागं सूर्य गेला आणि डोंगरामागून चंद्र आला. थोड्या वेळानं काका ओट्यावरून क्षितिजाकडं बोट करून दाखवायला लागले. दूर पाण्यावर पांढरा उजेड. एलईडीचे झगमगीत दिवे लावून रात्री मासे गोळा करणाऱ्या बोटी. २०१७ पासून केंद्र सरकारनं याला बंदी घातलेली आहे. दिव्याच्या ओढीनं लहान-मोठं सगळं जाळ्यात येतं, पिल्लंसुद्धा. "दिव्यानं मासा येतो हे आम्हाला काय माहीत नव्हतं?" काका म्हणाले. "पण उद्याचा मासा आज खायचा नाही, एवढं कळत होतं." बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. ते कितीतरी वेळ तिकडं बघत राहिले.

दिवस चौथा, प्रतिपदा

एसटी साडेनऊची होती. त्याआधी मावशी लिलावाला गेल्या, मी बरोबर. परवा ज्या बैलाजवळ उभी होते तो आज लांबूनच ओळखू आला, पायावरच्या त्या पांढऱ्या रेघेवरून. कड्यात आज माझ्यासाठीही दोन पावलं जागा झाली. मावशींनी एका वाट्यापुढं मला थांबवलं आणि कानात विचारलं, "कितीला घेशील?" मी कल्ले बघितले, लाल होते, अंगठा दाबून पाहिला, खड्डा राहिला नाही, एक आकडा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. लिलाव माझ्या आकड्याच्या बराच वर सुटला. "पुढच्या वेळी जमेल," म्हणाल्या.

निघताना जुन्या मलमलच्या कापडात सोडे बांधून दिले. मी पैसे पुढं केले तेव्हा त्यांनी ते घेतले. मला बरं वाटलं. तो त्यांचा धंदा होता, भेट नव्हे. मग दुसरी छोटी पुरचुंडी हातात ठेवली, जवळ्याची. "ही माझ्याकडून."

पुण्यात येऊन चार दिवस झाले. वर्गात तीन चतुर्थांश आले तेव्हा फळ्यावर पोळी न काढता समुद्र काढला आणि मुलांना तिथी विचारली. पाचव्या दिवशी मावशींना फोन लावला. मागं लिलावाचा गलका ऐकू येत होता.

"मावशी, बोट आली का?"

"आली गो, काल रात्रीच. सुरमई बरी लागली." मग कोणाशी तरी भावावरून दोन वाक्यं, आणि पुन्हा फोनवर: "तू ते सोडे डब्यात भरलेस ना तसेच? काढ बाहेर. दोन ऊनं अजून दे, मग भर. नाहीतर पावसाळ्यापर्यंत टिकायचे नाहीत."